काकीचा दिवस

रविवारी दुपारी जेवताना पप्पांनी सांगितलं की आपण इस्रायलला जाणार आहोत आणि घराचा सौदा झाला आहे. आई वाढत होती. तिने वाढणं थांबवलं नाही. माझ्या धाकट्या भावाने, रूबेनने, विचारलं, "कधी?" पप्पा म्हणाले, "पुढच्या महिन्यात." समोर सायमनकाका बसले होते. त्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "हानाच्या दिवसाआधी की नंतर?" पप्पांनी भात कालवायला घेतला.

सायमनकाका पप्पांचे थोरले भाऊ. हाना ही त्यांची बायको, माझी काकी. आदल्या हिवाळ्यात ती गेली होती आणि तिचं पहिलं वर्ष अजून व्हायचं होतं. त्यांना मूल नव्हतं. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाने जी प्रार्थना म्हणतात, कद्दिश, ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष समोर लागतात. दहा म्हणजे दहा, नऊ जमले तर पुस्तकं मिटून घरी जायचं. आमच्या आळीत तेव्हा दहा कसेबसे भरत, आणि त्या दहांत पप्पा होते, नुकताच वयात आलेला रूबेन होता आणि स्वतः काका होते. म्हणून त्यांनी तो एकच प्रश्न विचारला. घराचं काय, माझं काय, असं काही विचारलं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. पनवेलचे जुने लोक आम्हाला अजून 'शनवार तेली' म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. माझ्या लहानपणी घाणा कुणाकडेच उरला नव्हता, शनिवार मात्र होता. आमचं घर दोन बिऱ्हाडांचं होतं, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला काका-काकी, आणि मधल्या भिंतीत एक दार होतं. ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या दारातून वाट्या जात-येत, वर्तमानपत्र जाई, भांडणंही जात. काका एसटीच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झाले होते, पण स्टँडवरून गाडी सुटल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबवून "अलिबाग," किंवा "ही उशिरा सुटली," असं पुटपुटत. काकी म्हणायची, "तिकीट काढून बसा एकदाचे, म्हणजे सुटाल."

शुक्रवारी घराला वेगळा वास असे. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातलेल्या असत. संध्याकाळी त्या कुस्करून, उकळून, गाळून त्यांचं शरबत होई आणि शब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या, पेल्यात द्राक्षारसाच्या जागी ते ओतलं जाई. आई नारळाचं दूध काढत असे, आणि दारात हिराबाई मासेवाली पाटी उतरवून बसे. खवल्यांचे मासे तेवढे आम्हाला चालत, हे तिला तिच्या सासूच्या वेळेपासून ठाऊक होतं, तरी दर शुक्रवारी ती कोलंबीचा एक मोठा वाटा मुद्दाम वर ठेवी. "वयनी, इतकी ताजी हाय, बघा तरी." काकी हसून मान हलवी. मग हिराबाई म्हणे, "तुमच्या देवाचा त्या कोलंबीनं काय घोडा मारला व्हता, मना काय कलत नाय." आणि काकी म्हणे, "वर गेले की विचारते त्याला. तुला कळवते." दोघी इतक्या हसत की आईला आतून ओरडावं लागे.

दुपारी काकी ओट्यावर वाल सोलायला बसे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि सालातून बाहेर काढायचा, पांढरा, मोड न मोडता. मला ते नीट जमत नसे, म्हणून माझं काम वाचून दाखवण्याचं. वाचनालयातून मी आठवड्याला पुस्तक आणत असे आणि काकी शाळेत चौथीच्या पुढे गेली नव्हती. ती मन लावून ऐके आणि मध्येच बोले. कुणी नायिका खिडकीत उभी राहून फार वेळ विचार करू लागली की काकी विचारी, "हिला घरात काही काम नाही का गं, दिना? या पुस्तकातल्या बायकांना वाल सोलावे लागत नाहीत वाटतं." पण मी थांबले की लगेच, "पुढं वाच, पुढं वाच." आजही एखाद्या कादंबरीत बाई खिडकीशी गेली की मी पान उलटण्याआधी क्षणभर थांबते. कुणी काही म्हणत नाही.

जाण्याचं कारण साधं होतं. पप्पांचा कारखाना बंद पडला होता आणि आईचे दोन्ही भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी तिकडे जाऊन स्थिरावले होते. दर सणाला त्यांचा फोन येई आणि फोन ठेवल्यावर आई पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेई. आळीतली घरं एकेक करून आधीच रिकामी झाली होती. कुणाच्या जागी शिकवणीचे वर्ग आले, कुणाच्या जागी चार मजले उभे राहिले. आम्ही शेवटचे नव्हतो, पण आमच्यानंतर जाण्यासारखे फारसे कुणी उरणारही नव्हते, हे सगळ्यांना कळत होतं.

पप्पांनी प्रयत्न केला नाही असं नाही. मुंबईच्या ज्या कचेरीतून आमचं सगळं ठरत होतं तिथे ते दोनदा गेले. विमान एकट्या आमच्यासाठी नव्हतं, पंधरा-वीस कुटुंबं एकदम जाणार होती, आणि पुढची तुकडी कधी निघेल ते कुणी सांगेना. घर घेणाऱ्यालाही ताबा द्यायचा होता. आमचं जाणं काकीच्या दिवसाच्या बरोबर दोन आठवडे आधी येत होतं. मग पप्पांना एक तोड सुचली. मुंबईतल्या एका जाणत्या माणसाला त्यांनी विचारलं, आणि तो म्हणाला, मेलेल्याचं नाव कुठल्याही दिवशी घेता येतं, त्याला अडकाठी नाही. तेव्हा पप्पांनी ठरवलं की मलिद्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकीचं वर्ष उरकून घ्यायचं.

मलिदा हा आमच्या लोकांचा खास. झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने आम्ही तो करतो. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम, वरून फळांच्या फोडी, आणि शेजारी वास घ्यायला सब्जाची पानं. नवस बोलायचा असो, फेडायचा असो, कुणी परगावी निघालं असो, आमचं सगळं मलिद्याच्या ताटाशी होतं. त्या दिवशी मुंबईत नोकरी करणारेही पनवेलला येत, त्यामुळे दुसऱ्या सकाळी दहा माणसं नक्की मिळणार होती. पप्पांनी हे काकांना सांगितलं तेव्हा मी मधल्या दारात उभी होते. काका भिंतीवरच्या आमच्या पंचांगाकडे बघत राहिले. म्हणाले, "तुला सोयीचं ते कर, दानू." पप्पांनी हा होकार धरला.

त्या वर्षीचा मलिदा आमच्या निरोपाचाही होता. पोहे नेहमीपेक्षा जास्त भिजवले होते आणि आईच्या हाताची चव नेहमीसारखीच होती, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. एलियाहूची गाणी म्हणताना म्हाताऱ्या बायकांनी आईच्या पाठीवर हात ठेवले होते. आमचे शेजारी लतीफचाचा दरवर्षीप्रमाणे ताट घ्यायला आले आणि पप्पांना म्हणाले, "दानूभाय, माझा पोरगा दुबईला गेला तो दोन वर्षांनी परत येतो तरी. तुमचं हे कसलं जाणं, ज्याला सुट्टीच नाय?" पप्पा म्हणाले, "येऊ की. येऊ मध्येमध्ये." लतीफचाचांनी ताटावर रुमाल झाकला आणि म्हणाले, "इन्शाल्ला." बोलताना त्यांनी पप्पांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही प्रार्थनाघरात गेलो. बायका मागच्या बाजूला, लाकडी जाळीआड. काकीची जागा जाळीच्या टोकाला, पंख्याखाली असे. तिथे कुणी बसलं नाही. पुरुष आले तसे काकांनी ते मोजले. आमच्यात माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत, ते चांगलं समजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्याचा एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचं. काका नेहमी ते ओठांत म्हणत. त्या दिवशी वचन पुरं झालं, शेवटचा शब्द रूबेनवर आला, आणि प्रार्थना सुरू झाली. ती काकाच चालवत. सगळं रोजच्यासारखं झालं, तोच खालचा सूर, त्याच जागी घेतलेला तोच श्वास. मग ती जागा आली जिथे बाकीचे गप्प राहतात आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं तो उभा राहून बोलतो.

काका उभे राहिले आणि बोलले नाहीत.

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. पप्पा हळू म्हणाले, "दादा." थोड्या वेळाने पुन्हा, "दादा, म्हणा ना." काकांनी पुस्तक मिटलं. ते मागे न वळता म्हणाले, "दानू, मलिद्याच्या दुसऱ्या दिवशी हाना जिवंत होती."

पुढच्या बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, "सायमन, म्हणून टाक रे बाबा. आता दहा आहेत. मग कुठून आणशील?"

"नाही आणणार," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज वर गेला, जो मी कधी वर गेलेला ऐकला नव्हता. "मागच्या वर्षी याच दिवशी ती ओट्यावर वाल सोलत होती. मला म्हणाली, सालं बाहेर टाकून या. मी टाकून आलो. ही पोर तिला वाचून दाखवत होती. विचारा तिला. आज मी तिला मेलेल्यांत कशी घालू? तिचे सतरा दिवस उरलेत अजून."

सगळे पुरुष जाळीकडे वळले. तिथे बायकांना कुणी काही विचारत नसे आणि बायकाही बोलत नसत. आईने माझा हात धरला होता. मी म्हणाले, "हो. सोलत होती."

पप्पांचा चेहरा लाल झाला. "दादा, मी विचारून आलोय. नाव घ्यायला दिवस लागत नाही."

"तुला लागत नाही. मला लागतो."

"मग मी काय करू? विमान माझ्या हातात आहे का?"

"थांब म्हणालो का मी तुला?" काका म्हणाले. "जा ना. मी कुठं म्हणालो थांब."

आम्ही घरी आलो. मुंबईहून आलेल्यांना आईने चहा आणि उरलेला मलिदा दिला. ते हळू बोलत होते, गाड्यांच्या वेळा विचारत होते. रूबेन परत परत पप्पांना विचारत होता की आपण काही चुकीचं केलं का. पप्पा म्हणाले, "नाही. नियमाने सगळं बरोबर होतं." ते खरंच होतं. पप्पा काही चुकले नव्हते. मी त्या सकाळचा पुष्कळदा विचार केला आहे आणि मला त्यात चूक करणारा माणूस सापडत नाही. तसा सापडला असता तर बरं झालं असतं.

उरलेल्या दिवसांत काका आमच्याशी नीट बोलले. बॅगा बांधायला दोऱ्या त्यांनीच आणल्या, गाठीही त्यांनीच मारल्या, डेपोत टपावरचं सामान बांधतात तशा. माझी पुस्तकं वजनात बसत नव्हती, ती काका वाचनालयाला देऊन आले. फक्त मी काकीला शेवटचं वाचून दाखवत होते ते पुस्तक वाचनालयाचंच होतं आणि आधीच परत गेलं होतं. हिराबाई शुक्रवार नसताना आली. पाटी खाली ठेवली, पण मासे दाखवले नाहीत. आईला म्हणाली, "वयनी, तकडं दर्या हाय का?" आई म्हणाली, "आम्ही जाणार तिथं नाही. वाळवंट आहे." हिराबाईने तोंडाला पदर लावला. "म नको ना जाव," एवढंच म्हणाली, जणू आता कळल्यावर आम्ही बेत बदलू.

काकांची बाजू काकांकडेच राहणार होती, म्हणून आमची बाजू घेणाऱ्याने मधलं दार बुजवायचं ठरवलं होतं आणि गवंड्याने विटा आमच्या ओट्यावर आणून टाकल्याही होत्या. जायच्या सकाळी पप्पांनी पुढच्या दाराच्या चौकटीवरची मेझुझा काढली, आमच्या प्रत्येक दाराला ती असते, आत वचन लिहिलेली लहानशी डबी. तिच्याखाली जुना हिरवा रंग निघाला. मी जन्मले तेव्हा दार हिरवं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मग पप्पा मधल्या दारापाशी गेले. तिथलीही काढायची होती. काका पलीकडून आले, त्यांनी बोटांनी तिला हात लावला, बोटं ओठांना लावली आणि म्हणाले, "काढ. इथं भिंत होणार." स्क्रू गंजले होते. पप्पांना ते फिरवता येईनात. शेवटी काकांनीच स्क्रूड्रायव्हर घेतला आणि काढून दिली.

गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती. काका विमानतळावर आले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद पुटपुटला आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दिनाबाय, तिथं वाल मिळतात का बघ. मला कळव." पप्पा वाकून त्यांच्या पाया पडले. काकांनी त्यांना उठवलं, त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. गाडी स्टँडवरून वळली तेव्हा अलिबागची एसटी लागली होती. मी मागे पाहिलं नाही, कारण आई पाहत होती आणि मागच्या काचेशी दोघींना जागा नव्हती.

काकीचा दिवस आला तेव्हा आम्हाला त्या वाळवंटातल्या गावात येऊन दोन आठवडे झाले होते. पप्पा सकाळी खाली उतरले. तिथे दहा माणसं मिळवायला रस्त्यावर उभं राहिलं तरी पुरतं. मोरोक्कोचे दोघे, रशियाहून आलेला एक, कामावर निघालेला बसचा ड्रायव्हर, अशी चहा उकळायच्या आत जमली. पप्पांनी हानाकाकीचं नाव घेऊन कद्दिश म्हटलं. त्या दहांतल्या रूबेनखेरीज कुणाला ती कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी आमेन म्हटलं, पप्पांचा हात दाबला आणि ते कामाला गेले. वर येऊन पप्पांनी पनवेलला फोन लावला. मी शेजारी होते, आवाज मला ऐकू येत होता.

"दादा, म्हटलं मी. आजच्या दिवशी. दहा होते."

"बरं झालं," काका म्हणाले. "तिला ऐकू आलं नसेल. ती इकडं आहे."

मग पप्पांनी विचारलं की तिथे काय झालं. काका सांगत गेले, उशिरा सुटलेल्या गाडीबद्दल सांगावं तसं. मुंबईचे दोघे येतो म्हणून आले नाहीत. काकांना धरून आठ जमले. ते वचन म्हणायला लागले आणि आठव्या शब्दाला माणसं संपली. तरी ते बसून राहिले. तेवढ्यात लतीफचाचा टोपी घालून आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. म्हणाले, "सायमनभाय, हानाभाबीनं माझ्या पोरांना आपल्या हातानं भरवलंय. मला धर ना त्यात."

"मग?" पप्पा म्हणाले.

"मग काय. म्हटलं, लतीफ, धरता येत नाही. पण बस. बसला तो दुपारपर्यंत." फोनवर एसटीचा हॉर्न ऐकू आला. काका बोलायचे थांबले, आणि मला कळलं की ते कुठल्या गाडीचा आहे ते ओळखत आहेत. मग म्हणाले, "दिनाला विचार, वाल मिळतात का."

मी लांबूनच म्हणाले, "नाही मिळत."

"मग बिरड्याच्या रोज्याला काय खाल?" त्यांनी विचारलं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या आठवणीच्या त्या उपासाला आमच्यात वालाचं बिरडंच लागतं. आम्हाला कुणालाच उत्तर माहीत नव्हतं.

आणखी दोन वर्षांनी काका गेले. ठाण्या-मुंबईहून माणसं आली आणि त्यांनी रीतीने सगळं केलं, असं लतीफचाचांनी फोनवर सांगितलं. पप्पांनी ठरवलं होतं की एकदा जाऊन यायचं. आधी नोकरी नवी होती, मग आईचं आजारपण निघालं, मग पप्पांचंच. गेल्या हिवाळ्यात पप्पा गेले. त्यांच्या वेळी माणसं इतकी आली की काही बाहेर उभी राहिली. रूबेनने कद्दिश म्हटलं, अडखळत नाही तो आता, त्याचे उच्चार इथल्यासारखे झाले आहेत. ऐकताना मी त्यात पप्पांचा, काकांचा सूर शोधत होते. तो नव्हता. बायकांच्या बाजूला कुणी मला विचारलं की तू कशासाठी इतकी रडतेस, वडील तर पिकल्या वयात गेले. मला ते तिच्या भाषेत सांगता आलं नसतं.

वाल आता इथे दुकानात मिळतात, सोललेले, बर्फात ठेवलेले. मी कधी कधी आणते. मुलं खात नाहीत.

काकीच्या दिवशी पनवेलमध्ये तिच्या नावाचं कद्दिश एकदाही म्हटलं गेलं नाही. तिची कबर तिथे आहे आणि शेजारी काकांची. दगडांवर नावं मराठीत कोरली आहेत. माझ्या घरात मराठी वाचणारी आता मी एकटी आहे.